चौदा नंबरातले आत्माराम कुपवाडे

जर्मनीतल्या आमच्या गावाची एक पुस्तिका आहे. नवीन राहायला येऊन पत्ता नोंदवायला राटहाऊसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, गेलं की ती हातात ठेवतात. गुळगुळीत कागद, पुढे चर्चचा फोटो, मागे द्राक्षमळे. आत लिहिलंय: एर्लेनफुर्ट, लोकसंख्या नऊ हजार चारशे, कार्ल्सरूहेपासून एस-बान लोकलने बावीस मिनिटं, दोन बेकऱ्या, तीन बालवाड्या, एक पोहण्याचा तलाव. आणि शेवटच्या पानावर जाड अक्षरात, 'इथे शेजारी अजून शेजाऱ्याला ओळखतो.' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. आमच्या गल्लीत आणून उभं करायचंय आणि विचारायचंय, बाबा रे, कुठला शेजारी, कोणाला ओळखतो, दाखव.

गावाचं नाव मी बदललंय, माणसांचीही बदललीत. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काही लिहिणार नाही असा शब्द मी सासऱ्यांना दिलाय. इथे लिहिणार नाही असा दिला नव्हता. एकच नाव खरं ठेवलंय, ते वर शीर्षकात आहे.

आमचं घर अम्सेलवेग या गल्लीत, चौदा नंबर. एकमेकांना चिकटलेली बावीस घरं, समोर हातभर बाग, सगळ्या बागांत तेच गवत. मी मीनल. नवरा उल्हास कार्ल्सरूहेत सॉफ्टवेअर कंपनीत, मी तिथेच एका लॅबमध्ये अर्धवेळ, मुलगी अन्वी तिसरीत. सहा वर्षं झाली आम्हाला इथे. सकाळी सात ते आठमध्ये तीन गाड्यांत अख्खं गाव कार्ल्सरूहेला निघून जातं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर परत येतं. मधल्या वेळात गल्लीत कोण असतं? दोन मांजरं, आणि सहा नंबरातले हेअर, म्हणजे मिस्टर, वाल्टर, जे पंच्याऐंशीचे आहेत आणि फारसे पलंगावरून उठत नाहीत. ही माहिती पुस्तिकेत नाही.

आणि वर्षातून दोनदा नव्वद दिवस माझे सासरे. नव्वदच, कारण तेवढाच व्हिसा मिळतो. एक मार्च दोन हजार चोवीसपासून पुढे ज्यांना कामाचं परमिट मिळालं, त्यांना आईवडिलांना आणून ठेवता येतं. आमचं परमिट त्याच्या आधीचं, म्हणून आमचे वडील फक्त पाहुणे. यावर मी बोलायला लागले की उल्हास खोलीतून उठून जातो, तेव्हा थांबते.

बाबा म्हणजे आत्माराम कुपवाडे, वय एकाहत्तर, राहणार मिरज. छत्तीस वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर. पोस्टमन नव्हे, हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात. पोस्टमन दारोदार जातो, सॉर्टर स्टेशनातल्या खोलीत कप्प्यांसमोर उभा राहून पाकिटं वाटतो. कुणी तासगावचा भेटला की बाबा नमस्काराच्या आधी 'चार एक सहा तीन एक दोन' हा पिनकोड म्हणून मोकळे. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून मिरजेच्या घरात एकटे असतात.

पहिल्यांदा आले तेव्हा दोन आठवडे खिडकीत बसून होते. मग मला म्हणाले, "मीनल, इथली माणसं असतात कुठं गं? घरं तर माणसांची दिसतात." मी म्हटलं, कामावर असतात बाबा, संध्याकाळी येतात. संध्याकाळी ते बघायला बसले. गाड्या आल्या, दारं उघडली, दारं लागली, पाच मिनिटांत गल्ली पुन्हा जशीच्या तशी. बाबांनी आत जाऊन टीव्ही लावला.

त्यांची करमणूक झाली ती डानिएलमुळे. डानिएल पार्सलं टाकणारा, रुमेनियाचा मुलगा, सतत धावत असतो. त्याने एकदा बेल दाबली आणि समोरच्या घराकडे बोट दाखवून विचारलं, यांचं ठेवून घेता का. इथे तशी रीतच आहे. घरी कोणी नसलं की पार्सल शेजाऱ्याकडे द्यायचं आणि चिठ्ठी टाकायची, अमुक नंबराकडे ठेवलंय. अडचण एवढीच की सगळ्या गल्लीत दार उघडणारा माणूसच नव्हता. तो आता मिळाला. आठवड्याभरात रोजची दहा-बारा पार्सलं आमच्याकडे यायला लागली.

बाबांनी हॉलमधलं बुटांचं कपाट रिकामं केलं. माझे बूट तळघरात गेले. विषम घरं डावीकडे, सम उजवीकडे, मोठे खोके खाली, औषधं सगळ्यात वर. आल्याबरोबर पार्सल हातात घेऊन पत्ता एकदा मोठ्याने वाचायचा, मग कप्प्यात टाकायचं. जर्मन एक अक्षर येत नाही, पण बावीस घरांतली सगळी आडनावं महिन्याभरात तोंडपाठ. दोन-दोन आडनावं मधे रेघ मारून जोडलेली असतात तीसुद्धा.

आणि या माणसाला सगळं कळायचं. तीन नंबरकडे मांजराचं खाणं येतं आणि मांजर मात्र आपल्याकडे दूध पिऊन जातं. नऊ नंबर दर पंधरा दिवसांनी वाईनचं खोकं मागवतो. अठरा नंबरवाली बूट मागवते आणि परत पाठवते, मागवते आणि परत पाठवते. बावीस नंबरात एक तरुण जोडपं आहे, त्यांच्याकडे बाळाच्या पाळण्याचं भलंमोठं खोकं आलं. तीन आठवड्यांनी तेच खोकं परत जायला निघालं, पट्ट्या मारून. त्या दिवशी बाबांनी डानिएलला थांबवलं आणि ते खोकं त्याच्याबरोबर दुसऱ्या बाजूने धरून गाडीपर्यंत नेलं. जेवताना म्हणाले, "छत्तीस वर्षं नुसते पत्ते वाचले. पत्त्यामागची माणसं बघतोय ती इथं पहिल्यांदा."

माणसं त्यांच्याकडे बघत होती का? संध्याकाळी यायची, चिठ्ठी पुढे करायची, खोकं घ्यायची, डांके, च्यूस, म्हणजे थँक्यू, बाय, संपलं. बाबा प्रत्येकाला हाताने खूण करायचे, आत या, चहा घ्या. दोन वर्षांत एकही माणूस उंबऱ्याच्या आत आला नाही. हेअर वाल्टरना मात्र ते स्वतः औषधं नेऊन द्यायचे आणि तिथे तासभर बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी कसला तास घालवायचे देव जाणे.

आता यंदाची गोष्ट. समोर अकरा नंबरात फ्राऊ कोल्मार, म्हणजे कोल्मार बाई, राहते. मुलगी मार्ला, अन्वीच्या वर्गात. नवरा गेल्या हिवाळ्यात वेगळा झाला, कार्ल्सरूहेत राहतो, आणि मुलगी कोणाकडे राहणार यावर कोर्टात प्रकरण चालू आहे. हे मला मुलींच्या शाळेतून कळलं होतं. बाबांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि दुसरं कोण सांगणार? गेल्या वर्षी हाच नवरा रोज संध्याकाळी येऊन पार्सलं घेऊन जायचा.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी कोल्मार बाईंचं पार्सल आलं. दुपारी चारला नवरा मार्लाला सोडायला आला होता, त्याने बेल वाजवली. चिठ्ठी दाराला लावलेली त्याने वाचली असणार. बाबांनी खोकं काढून दिलं. का देऊ नये? आपल्याकडे बायकोच्या नावाचं टपाल नवऱ्याच्या हातात दिलं की ते घरात पोचलं. त्याने खोक्यावरचं चित्र पाहिलं, हसला, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मार्ला. गेबुर्ट्‌सटाग." वाढदिवस हा शब्द बाबांना अन्वीमुळे माहीत होता. त्यांनीही ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

बुधवारी कोल्मार बाई विचारायला आली. बाबांना वाटलं, नवरा-बायकोची आपसातली गंमत आहे, आपण कशाला फोडा. ते नुसते हसले आणि हात हलवून सांगितलं, मिळेल, मिळेल. मी घरी नव्हते. ती निघून गेली आणि रात्रीच्या जेवणाच्या आत तिने गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं. 'माझं पार्सल चौदा नंबरला दिल्याचं दिसतं. तिथल्या वयस्कर गृहस्थांना ते कुठे गेलं हे सांगता येत नाहीये. ते फक्त हसतात. कोणाकडे चुकून गेलंय का?'

मग सगळ्यांना वाचा फुटली. जी माणसं वाटेत भेटली तर मान वर करत नाहीत, ती सगळी. अठरा नंबरने लिहिलं, या वयात विसरायला होतं, त्यात वाईट काही नाही, आणि पुढे हसरा चेहरा. नऊ नंबरने डिमेन्शिया सल्ला केंद्राची लिंक टाकली, 'कुटुंबाला उपयोगी पडेल म्हणून.' तीन नंबरने सुचवलं की सगळ्यांनी पार्सलच्या ॲपमध्ये 'शेजाऱ्याकडे ठेवू नये' हा पर्याय निवडावा, म्हणजे त्या गृहस्थांवरही ताण नको. त्याला चौदा अंगठे आले. ज्या माणसाने दोन वर्षं तुमची मांजरं, तुमची वाईन आणि तुमचे बूट सांभाळले, त्याच्यावरचा ताण यांना एका संध्याकाळी दिसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाबांना विचारलं, कोणाला दिलंत? ते म्हणाले, "पोचलं ते. जिथं जायचं तिथं पोचलं." कोणाला, बाबा? "पोचलं म्हणतो की." एवढंच. मी चिडले, उल्हास चिडला. तेव्हा मी त्यांना सांगितलं की कोल्मार जोडपं वेगळं झालंय, कोर्टात आहेत, बाई आधीच वैतागलेली आहे, उगाच तिच्या वाटेला जायला नको. त्या क्षणी त्यांना काय कळलं ते मला कळलं नाही. त्यानंतर त्यांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलं.

आणि मग मी एक गोष्ट केली जिची मला अजून लाज वाटते. मी त्यांची परीक्षा घ्यायला लागले. सहज विचारल्यासारखं करायचं, बाबा, आज तारीख काय हो? काल आपण काय भाजी केली होती? तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आज तीस तारीख. काल दुधी. मिरज चार एक सहा चार एक शून्य, कराड चार एक पाच एक एक शून्य. अजून विचारायचंय का?" आवाज चढला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

शनिवारी मैदानावर मार्ला दिसली, पायात जांभळ्या रंगाचे नवे रोलर स्केट्स. मी अन्वीला विचारलं, हे कुणी घेऊन दिले? मी मराठीत बोलले की ती जर्मनमध्ये उत्तर देते, तसंच तिने दिलं. मार्लाला हे पप्पांनी वाढदिवसाला दिले, आणि या स्केट्सचं खोकं तर आपल्या कपाटात होतं, चित्र हेच होतं, अन्वी स्वतः त्याच्यावरून उडी मारून गेली होती. मी घरी धावले. बाबा, तुम्ही नवऱ्याला दिलंत ना?

"दिलं," बाबा म्हणाले. "मला काय ठाऊक ते वेगळे झालेत. कुणी बोललं का इथं? त्यानं तोंडावर बोट ठेवलं, मी मान डोलावली."

"मग सांगून टाकू या की. मी आत्ता लिहिते ग्रुपवर."

"काय लिहिशील? बापानं बायकोचं पार्सल उचललं आणि स्वतःच्या नावानं पोरीला दिलं? ते लिहिलेलं उद्या कोर्टात जाईल. त्या माणसाला पोरगी पंधरा दिवसांतून दोन दिवस मिळते, तीही जाईल. माझ्या एका शब्दानं. नको. चूक माझी आहे, नाव बघून माणूस बघायचा असतो, मी बघितला नाही. तू लिहायचं नाहीस."

"आणि लोक तुम्हाला वेडा म्हणतात ते?"

त्यावर म्हणाले, "शब्द दे." मी दिला. मनात नव्हता, तरी दिला.

पण मला एक सांगा. हे स्केट्स कोल्मार बाईने स्वतः निवडून मागवलेले. मुलगी ते घालून घरी गेल्यावर तिला कळलं नसेल? शनिवारी संध्याकाळीच कळलं असणार. मी रविवारभर फोन हातात घेऊन बसले, आत्ता लिहील, मग लिहील. काही नाही. सोमवारी सातच्या गाडीला ती फलाटावर भेटली. मी सरळ विचारलं, पार्सलचं काय झालं. ती म्हणाली, "आख, ते आपोआप सुटलं."

"मग ग्रुपवर लिहा तसं."

"ते खाजगी आहे. सगळ्या गल्लीने आमच्या घरातलं वाचावं असं मला नको."

"कोणाकडे गेलं ते लिहू नका. चौदा नंबरचा दोष नव्हता एवढंच लिहा. त्यांची अब्रू तुम्ही सगळ्या गल्लीसमोर काढलीत."

"मी नाही काही म्हटलं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी म्हटलं." मग गाडी आली, आणि चढता चढता साळसूदपणे मला म्हणते, "तसेही ते आता परत जाणारच आहेत ना?"

बावीस मिनिटं मी त्याच डब्यात उभी होते. मला जर्मनमध्ये भांडता येतं, चांगलं येतं. पण शब्द दिलेला होता.

त्यानंतर आमची बेल बंद झाली. डानिएल गाडीतूनच हात करायचा, खांदे उडवायचा, त्याच्या यंत्रावर सगळ्या घरांपुढे नको-नको लिहून आलं होतं. पार्सलं चार किलोमीटरवरच्या दुकानात जायला लागली. बाबा मात्र रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमधल्या स्टुलावर बसायचे, दोनपर्यंत. मी म्हटलं, बाबा, आत बसा ना. म्हणाले, "असू दे की. ड्यूटी आहे तोवर आहे." कपाट मोकळं होतं. मी माझे बूट परत आणून ठेवले नाहीत.

रविवारचं त्यांचं विमान होतं. शुक्रवारी मी रजा घेऊन त्यांची बॅग भरत होते आणि बेल वाजली. दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा माणूस, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. हातात चपटं पार्सल. बाबांनी ते घेतलं, लांब धरलं आणि वाचलं, "कोल्मार. अकरा."

मी जिन्यावरून म्हटलं, "बाबा, परत करा. घ्यायचं नाही."

त्यांनी सही केली आणि आत घेतलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "टपाल आहे ते. टपालावर राग काढायचा नसतो." पार्सल डावीकडच्या कप्प्यात ठेवलं. अन्वी शाळेतून आल्यावर तिला विचारलं, ओळखपत्र दाखवा, हे यांच्या भाषेत कसं म्हणायचं? ती म्हणाली, "आउसवाइस, बिट्टे. वारुम, आजोबा?" म्हणजे कशाला. त्यांनी तेवढं दहा-बारा वेळा म्हणून घेतलं.

सहा वाजता सगळ्या गाड्या आल्या होत्या. जूनचं ऊन, शुक्रवार, कोणी गवताला पाणी घालतंय, नऊ नंबरात शेगडी पेटलेली. बाबांनी शर्ट बदलला, खिशाला पेन लावलं, पार्सल दोन्ही हातांत धरलं आणि रस्ता ओलांडला. मी मागे. अकराची बेल दाबली. कोल्मार बाई बाहेर आली, पार्सल दिसलं, हात पुढे केला.

बाबांनी पार्सल छातीशी धरलं. "आउसवाइस, बिट्टे."

तिला कळलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. "आउसवाइस, बिट्टे," बाबा पुन्हा म्हणाले, आवाज स्टेशनात लागतो तेवढा. नळ्या बंद झाल्या. नऊ नंबरवाला चिमटा हातात घेऊन कुंपणाशी आला. अठरा नंबरवाली फाटकात. कोल्मार बाई म्हणाली, पण तुम्ही मला ओळखता. बाबांना ते समजलं की नाही ठाऊक नाही, ते हलले नाहीत. या देशात हे दोन शब्द म्हटल्यावर माणूस दुसरं काही करू शकत नाही. ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली.

बाबांनी कार्ड हातात घेतलं. फोटो बघितला, तोंड बघितलं, परत फोटो. मग पार्सलवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं. घाई केली नाही. अख्खी गल्ली बघत होती की हा माणूस काय विसरतो आणि काय नाही. मग कार्ड परत केलं, पार्सल तिच्या हातात दिलं, 'डांके' म्हणाले आणि वळले. तिचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला होता. घरात आल्यावर बाबा स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. म्हणाले, "हे त्या मंगळवारीच करायला पाहिजे होतं मी."

तासाभराने ग्रुपवर तिचं एक वाक्य आलं. 'मेमधलं पार्सल मिळालं आहे, योग्य ठिकाणी दिलं गेलं होतं.' कोणी दिलं, ते नाही. क्षमा, ती तर नाहीच. त्याला चौदा अंगठे आले, आधीच्याच लोकांचे. बाबांना मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि मग जेवायला बसले.

रविवारी ते गेले. बुधवारी संध्याकाळी अठरा नंबरवाली दारात उभी, बुटांची बाई, 'या वयात विसरायला होतं' म्हणणारी. ते दुकान म्हणे फार लांब आहे आणि सहालाच बंद होतं, सगळे वैतागलेत. तिने ॲपमधला तो पर्याय काढून टाकलाय, इतरही काढतायत. "ते परत कधी येणार आहेत?"

"कोण?" मी विचारलं.

"ते. तुमच्याकडचे, पार्सलवाले."

"त्यांचं नाव काय?"

तिने बेलवरच्या पाटीकडे बघितलं. मी म्हटलं, ते आडनाव आहे, ते माझंही आहे. त्यांचं नाव सांगा, मग कधी येणार ते सांगते. ती उभी राहिली. दोन वर्षांत शंभरेक वेळा तरी याच दारात आली असेल. बाबांना तिचं पहिलं नाव येतं, मधलं येतं, रेघ मारून जोडलेली दोन्ही आडनावं येतात, आणि बुटाचा नंबर एकोणचाळीस, तोही येतो. मी पूर्ण एक मिनिट थांबले आणि मग दार लावून घेतलं.